पन्नाशीच्या वरच्यांनी धावायचं

शाळेचं नवं माहितीपत्रक छापायचं होतं म्हणून फोटो काढायला माणूस आला, तेव्हा माझ्या मुली मैदानावर खो-खोच्या चौकात बसून होत्या. माझ्या मुली म्हणजे शाळेच्या संघातल्या. पोटची एकच आहे, ती पुण्याला नोकरी करते. फोटोवाल्याने मुलींना नीट बसवलं, उन्हाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मैडम, आप थोड़ा साइड में हो जाइए." मी खांबाजवळून दोन पावलं सरकले. तो म्हणाला, "थोड़ा और." असं करत करत मी पाण्याच्या टाकीपर्यंत गेले. मग शाळेत नुकत्याच लागलेल्या झुंबा शिकवणाऱ्या पोरीला त्याने माझ्या जागी उभं केलं, तिच्या गळ्यात शिटी अडकवली आणि फोटो काढले. शिटी माझीच होती. त्या बिचारीने मागितली आणि मी गळ्यातून काढून दिली.

त्या दिवशी मला राग आला नाही, हसू आलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तोही हसला. तो रेल्वेत इंजिन चालवून निवृत्त झालेला. म्हणाला, "तुह्या फोटोत काय पाहाचं आहे वं लोकायले? पोट्ट्या दिसल्या म्हणजे झालं." मीही म्हटलं, हव, झालं.

मी रायपूरच्या एका खासगी शाळेत खेळ शिकवते. लग्न होऊन इथल्या गुढियारी मोहल्ल्यात आले त्याच्या पुढच्याच वर्षी लागले. तेव्हा शाळेला धड भिंत नव्हती, मैदानात गायी शिरायच्या. मुलींना घेऊन मी दगड वेचले, चुन्याने पट्टे आखले, सागाचे दोन खांब रोवून घेतले. त्या मैदानावरून जिल्ह्याला, राज्याला मुली गेल्या. दोघी-तिघी पोलिसात लागल्या, त्या अजून रस्त्यात भेटल्या की पायाला हात लावतात. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं ते कळावं म्हणून सांगते. मी पंचावन्न वर्षांची आहे आणि मला अजून धावता येतं. सगळ्या रागाचं मूळ तिथेच आहे.

शाळा ज्यांनी काढली ते गेले आणि कारभार त्यांच्या सुनेकडे आला. तिला सगळे डायरेक्टर मॅडम म्हणतात. फार गोड बोलणारी बाई. तिचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. पहिल्याच मीटिंगला तिने सांगितलं, "स्कूल यंग दिखना चाहिए. पैरंट्स को एनर्जी चाहिए." आणि असं म्हणताना ती आम्हा मागच्या रांगेतल्यांकडे पाहून इतकं छान हसली की आमच्यातल्या एक-दोघींनी मानही डोलावली.

मागच्या रांगेत माझ्या शेजारी संस्कृतचे सर बसायचे. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठे. आमचं दोघांचं मराठी घर, पण दोन तऱ्हांचं. त्यांचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या काळात इकडे आलेले. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, पण आता निम्मी हिंदी मिसळलेली. माझे वडील भंडाऱ्याकडून रेल्वेत लागून आले. माझी भाषा ऐकून सर हसायचे, म्हणायचे, "ताई, तुमची मराठी एकदम गाडीतून उतरल्यासारखी ताजी आहे." मधल्या सुट्टीत आम्ही डबे एकत्र उघडायचो. त्यांच्या डब्यात तांदळाच्या पिठाचे उकडलेले फरे, माझ्या डब्यात झुणका-भाकर. अर्धं त्यांचं मला, अर्धं माझं त्यांना. शाळेत मराठी बोलायला आम्हाला दुसरं कोणी नव्हतं. तेवढी वीस-पंचवीस मिनिटं जिभेला बरं वाटायचं.

मार्च संपता संपता नोटीस बोर्डावर कागद लागला. पन्नाशीच्या वरच्या कर्मचाऱ्यांची शारीरिक क्षमता तपासणी. सकाळी प्रार्थनेनंतर, मैदानावर. खेळाचे कपडे आणि बूट घालून यावं. खाली आमची नावं, सहाजणांची. मी, संस्कृतचे सर, ग्रंथालयातल्या बाई आणि आणखी तिघं. प्राचार्यांचं नाव त्यात नव्हतं. ते अठ्ठेचाळीसचे.

मी प्राचार्यांकडे गेले. "सर, ये सबके लिए क्यों नहीं?"

ते फायलीत पाहत होते. "ऊपर से आया है, मैडम."

"आप भी तो दो साल में इसी लिस्ट में आएँगे."

त्यांनी फाईल मिटली. "दो साल में बहुत कुछ बदलता है," म्हणाले आणि फोन उचलला. फोन वाजलेला नव्हता.

तपासणीच्या दिवशी संस्कृतचे सर पांढरे कॅनव्हासचे बूट घालून आले. आदल्या संध्याकाळी गोल बाजारातून आणले होते. आयुष्यभर चपला घातलेला माणूस, बुटांच्या नाड्या त्यांना नीट बांधता येत नव्हत्या. मी वाकून बांधून दिल्या. ते म्हणाले, "ताई, बीपीची गोळी घेऊन आलोय. थोडं चालवून घेतील, दुसरं काय." त्यांना वाटत होतं, नाडी पाहतील, वजन करतील, दोन-चार वेळा हात वर-खाली करायला लावतील.

मैदानावर बाहेरून आणलेला एक व्यायाम शिकवणारा तरुण उभा होता. त्याने सांगितलं, मैदानाला दोन फेऱ्या, जमेल तेवढ्या जोरात. प्रार्थना नुकतीच सुटली होती. वर्ग सुरू व्हायचे होते आणि दोन्ही मजल्यांच्या व्हरांड्यात मुलं कठड्याला लगडली होती. डायरेक्टर मॅडम सावलीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. एप्रिलचं ऊन सकाळीच अंगाला बोचायला लागलं होतं.

मी रेषेवर उभी राहिले. ती रेष मीच आखलेली. मी धावले असते. त्या पोराला मागे टाकलं असतं, इतकी ताकद अजून आहे पायांत. पण बाजूला पाहिलं तर ग्रंथालयातल्या बाई साडीचा पदर कमरेला खोचत होत्या. त्यांचे गुडघे गेलेले आहेत, हे साऱ्या शाळेला ठाऊक. मी रेषेवरून मागे आले.

"मैं नहीं दौड़ूँगी," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. मैदानावर मला मोठ्यानेच बोलायची सवय आहे. "डॉक्टर बुलाइए, कमरे में जाँच कराइए, सबकी कराइए. बच्चों के सामने ये तमाशा मैं नहीं करूँगी."

डायरेक्टर मॅडम उठल्या नाहीत. हसूनच म्हणाल्या, "कोई ज़बरदस्ती नहीं है, मैडम. जो नहीं कर सकते, वो लिखकर दे दें कि नहीं कर सकते."

करू शकत नाही, असं लिहून द्यायचं! मी काही बोलायच्या आत शिटी वाजली आणि सर धावायला लागले.

ते का धावले, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला त्यांचाही राग आला. अर्ध्या फेरीपर्यंत ते धावले, मग कुशीत हात दाबून चालायला लागले. वरच्या मजल्यावरून एका मुलाने ओरडून म्हटलं, "सर जी, भागो!" आणि मग सगळी मुलं टाळ्या वाजवायला लागली, एका तालात, जशी आमच्या मुली सामन्यात हरायला लागल्या की वाजवतात. मुलांच्या मनात वाईट नव्हतं. त्यांना वाटत होतं, आपण सरांना हिंमत देतोय. सर त्या टाळ्यांवर पुन्हा धावले, पुन्हा थांबले. दुसरी फेरी त्यांनी चालत पूर्ण केली. परत आले तेव्हा त्यांच्या ओठांना रंग नव्हता. त्या तरुणाने हातातल्या टॅबवर काहीतरी नोंदलं आणि म्हणाला, "नेक्स्ट."

त्या दुपारी स्टाफरूममध्ये सगळ्यांचा राग उफाळून आला. तरुण शिक्षकही म्हणत होते, हे चूक आहे. इंग्रजीच्या मॅडम, ज्यांच्या शेजारी मी कित्येक वर्षं हजेरीची सही करायला उभी राहते, त्या तर रडल्या. त्यांनीच म्हटलं, व्यवस्थापन समितीला लिहूया. मी लिहिलं. साधंच लिहिलं. तपासणी करायची तर सगळ्यांची करा, डॉक्टरकडून करा, मुलांसमोर करू नका आणि वयावरून कोणाचं काम काढू नका. खाली मी सही केली, सरांनी केली, इंग्रजीच्या मॅडमनी केली, ग्रंथालयातल्या बाईंनी केली. बाकीचे म्हणाले, आम्ही मनाने तुमच्याबरोबर आहोत. मनाने बरोबर असणारे पुढे मला फार भेटले.

सरांना मी त्या वेळी विचारलं, "सर, तुम्ही काहून धावले? मी तर सांगतलं होतं ना."

ते म्हणाले, "ताई, तुमची नोकरी कायम आहे. माझं दरवर्षी नेमणुकीचं नवं पत्र निघतं. आधीची शाळा बंद पडली म्हणून इथे आलो, ते तसंच चाललंय."

"मंग सही नका करू. खोडून टाका."

"नाही," ते म्हणाले. "धावलो ते धावलो. आता सही तरी करू द्या."

दोन दिवसांनी डायरेक्टर मॅडमनी मला बोलावलं. चहा मागवला. म्हणाल्या, "मैडम, आप मुझसे सीधे बात कर लेतीं. कमेटी तक जाने की क्या ज़रूरत थी? हम तो फैमिली हैं." मी म्हटलं, बोलले होते, मैदानावर, सगळ्यांसमोर. त्यावर त्या हसल्या आणि चहात साखर बरोबर आहे का, विचारलं.

पुढच्या सोमवारी नवं वेळापत्रक आलं. त्यात माझा एकही खेळाचा तास नव्हता. सगळे तास झुंबावाल्या पोरीकडे. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, 'गेट एवं बस अनुशासन'. म्हणजे सकाळी फाटकात उभं राहून मुलांचे गणवेश, नखं, ओळखपत्रं पाहायची. दुपारी बसच्या रांगा लावायच्या. मधल्या वेळात फाटकाशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसायचं. तिथून मैदान दिसतं. ते मुद्दाम केलं होतं की नाही, मला माहीत नाही, पण दिसायचं.

झुंबावाली पोरगी वाईट नव्हती. पहिल्या आठवड्यात ती शेडमध्ये आली आणि म्हणाली, "मैडम, पोल पे मुड़ना कैसे सिखाऊँ? लड़कियाँ मेरी नहीं सुनतीं." मी तिला खांबाला हात कसा घालायचा, अंग कसं झोकून द्यायचं, ते शेडच्या बांबूला धरून दाखवलं. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. चौथ्या दिवशी वाटेत दिसली तर खाली मान घालून म्हणाली, "मैडम, मुझे मना किया है. मेरा भी कॉन्ट्रैक्ट है." चोवीस-पंचवीसची असेल.

मुलींनाही सांगितलं गेलं. त्या आता फाटकातून आत येताना मला नुसतं 'गुड मॉर्निंग' म्हणायच्या. नखं दाखवायला हात पुढे करायच्या आणि हळूच माझं बोट दाबून जायच्या. एकीने एकदा विचारलं, "मैडम, आप बीमार हो क्या? हमको बोले कि आपको डॉक्टर ने मना किया है खेल से." त्या दिवशी शेडमध्ये बसून मी फार रडले. मला आजारी ठरवलं होतं.

मग कारणे दाखवा नोटिसा सुरू झाल्या. एक, उशिरा आल्याची. दुसरी, पालकांशी उद्धट बोलल्याची. त्या पालकांचं नाव मागितलं तर म्हणाले, गोपनीय आहे. तिसरी नोटीस मी आणि सर, दोघांच्या नावाने आली. त्यात लिहिलं होतं की आम्ही स्टाफरूममध्ये मराठीत बोलून गट तयार करतो आणि संस्थेविरुद्ध वातावरण बिघडवतो.

मी ती नोटीस घेऊन प्राचार्यांच्या खोलीत गेले. सर आधीच तिथे होते.

"इसमें लिखा है मराठी में षड्यंत्र," मी म्हटलं. "सर, हम लोग खाने की बात करते हैं."

"मुझे पता है," प्राचार्य म्हणाले. खरंच म्हणाले. "आप लिख दीजिए कि आगे से हिंदी में बात करेंगे. बात खतम."

सर म्हणाले, "लिहून देऊ, ताई. काय फरक पडतो?"

"मी नाही लिहून देणार," मी त्यांना म्हटलं, मराठीतच. प्राचार्य दोघांकडे पाहत बसले.

घरी आले ती धुसफुसतच. नवरा म्हणाला, "सोड वं आता. पेन्शन आहे माही. काहून जीव जाळून राहिली?"

"तुम्हाले कोणी म्हटलं असतं, गाडी चालवता येत नाही तुम्हाले, फाटकावर झेंडी घेऊन उभे राहा, तं राहिले असते?"

"आमच्याकडे तब्येत पाहाचे तं सगळ्यायची पाहाचे. साहेबाचीबी."

"तेच तं मी म्हणून राहिली!"

मग उठून त्याने कुकर लावला. भांडणाचं त्याला जमत नाही, पण त्या दिवसांत स्वयंपाक त्यानेच केला.

मुलीला फोन केला. ती पुण्याच्या एका कंपनीत माणसांची भरती करायचं काम करते. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, लहानपणापासून तसंच आहे. म्हणाली, "मम्मी, सब जगह यही है. हमारे यहाँ भी पैंतालीस के ऊपर का रिज़्यूमे आए तो बोलते हैं कल्चर फिट नहीं है. आप आराम करो ना."

"तू पण बोलतेस असं लोकांना?"

"मुझे बोलना पड़ता है, मम्मी."

मी फोन ठेवला. माझीच पोरगी! दोन दिवस मी तिचा फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी तिने त्या मराठीच्या नोटिशीचं उत्तर टाइप करून पाठवलं. कोणत्या नियमानुसार कोणती भाषा बोलायला मनाई आहे, तो नियम कृपया दाखवावा. एवढंच, पण व्यवस्थित. मी आणि सरांनी सही करून दिलं. त्याचं उत्तर शाळेकडून आजवर आलेलं नाही.

सुट्टी टाकून मी शिक्षण विभागाच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाबूने कागद उलटसुलट पाहिला. "प्राइवेट है ना? तो मैनेजमेंट का मामला है." कामगारांच्या ऑफिसात गेले. तिथला अधिकारी चांगला होता, बसायला सांगितलं, सगळं ऐकलं आणि म्हणाला, "मैडम, टीचर मज़दूर में नहीं आता." मग नवऱ्याला घेऊन समता कॉलनीत एका वकिलाकडे गेले. तो म्हणाला, काढून टाकलं तर केस होते. फाटकात उभं केलं तर काय केस करणार? पगार मिळतो ना? वय झालंय म्हणून, असं त्यांनी कुठे लिहिलंय का? लिहिलेलं नव्हतं. सगळं तोंडी आणि गोड. मी रस्त्यावर आले आणि नवऱ्याला म्हटलं, एक कानाखाली मारली असती त्या बाईने तर बरं झालं असतं, दाखवायला गाल तरी राहिला असता.

दरम्यान ग्रंथालयातल्या बाईंनी राजीनामा दिला. इंग्रजीच्या मॅडमनी लिहून दिलं की आपण कशावर सही करतोय हे आपल्याला माहीत नव्हतं. मला हे प्राचार्यांनीच सांगितलं. मी इंग्रजीच्या मॅडमना जिन्यात गाठलं. "आप ही ने तो कहा था, लिखते हैं."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "मेरी बेटी इसी स्कूल में पढ़ती है," म्हणाल्या. "आप समझो ना प्लीज़."

मी समजले. त्या काळात प्रत्येकाचं मी समजूनच घेत होते. समजून समजून डोकं फुटायची वेळ आली होती.

पावसाळ्यानंतर जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा लागल्या. संघ झुंबावाली पोरगी घेऊन जाणार होती. मी त्या दिवशी किरकोळ रजा घेतली आणि इतर कोणासारखीही जाऊन प्रेक्षकांत बसले. डोक्यावरून ओढणी घेतली होती. पण मुलींनी मैदानात शिरतानाच मला पाहिलं. त्यांच्या माना वळल्या, मग पुन्हा सरळ झाल्या.

समोर गावाकडची सरकारी शाळा होती. चपळ पोरी, पायात बूट नाहीत. आमच्या मुलींचा पाठलाग सुरू झाला आणि मला दिसायला लागलं की मधल्या काही महिन्यांत काय झालंय. खो-खोत उठलेल्या खेळाडूने एकदा एक दिशा धरली की खांबापर्यंत वळता येत नाही, हे पहिल्या दिवशी शिकवायचं असतं. आमची नववीतली एक उंच मुलगी पुन्हा पुन्हा मध्येच वळत होती, पंच शिटी वाजवत होते, आणि समोरच्या पोरींना तेवढा वेळ फुकट मिळत होता. झुंबावाली कडेला उभी राहून "कम ऑन, कम ऑन" ओरडत होती. बसलेल्या मुलींच्या टाचा उचललेल्या नव्हत्या. उठायला वेळ जात होता.

मी हाताची घडी घालून बसले. जीभ दाताखाली धरली. ठरवूनच आले होते, की बोलायचं नाही. मग ती उंच मुलगी पुन्हा उठली, पुन्हा तिचा खांदा वळायला लागला, आणि मी उभी राहून ओरडले, "मुड़ मत! खंभे तक जा!"

ती पोरगी सरळ सुटली. खांबाला हात घातला, पलीकडे झोकावली आणि समोरच्या पोरीच्या वेणीला तिची बोटं लागली. गडी बाद. आमच्या मुली किंचाळल्या. पुढचा डावभर मी उभीच होते. "एड़ी उठा! बैठे मत रहो! अब खो दे, अब!" माझ्याशेजारच्या गावाकडच्या बायका माझ्याकडे पाहून हसत होत्या. एकीने विचारलं, "तोर बेटी खेलत हे का, दीदी?" मी म्हटलं, हव.

आम्ही हरलो. थोडक्यात हरलो. मुली येऊन माझ्या गळ्यात पडल्या, घामाने भिजलेल्या, आणि ती उंच पोरगी म्हणाली, "मैडम, आप तो बीमार थे ना?" झुंबावाली लांब उभी होती. जवळ आली नाही, पण तिने थांबवलंही नाही. आणि नंतर जी नोटीस आली, ती तिच्या तक्रारीवरून नव्हती, एवढं मला प्राचार्यांनी सांगितलं. कोणीतरी मोबाइलवर चित्रण करून पाठवलं होतं. रजेवर असताना स्पर्धेत हस्तक्षेप करून शाळेच्या हरण्यास कारणीभूत झाल्याचं त्या नोटिशीत होतं.

त्यावरून समितीपुढे माझी सुनावणी झाली. तिघं बसले होते, मध्ये डायरेक्टर मॅडम. त्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी, जे स्वतः सत्तरीचे असतील, मला विचारलं, "इस उमर में इतना गुस्सा क्यों, मैडम?" त्याची दहा उत्तरं मला घरी जाताना गाडीवर सुचली.

डायरेक्टर मॅडम म्हणाल्या, राजीनामा द्या, आम्ही सुंदर निरोप समारंभ करू, सन्मानाने. मी म्हटलं, मला माझे तास द्या. त्या म्हणाल्या, ते आता शक्य नाही, पण तुमच्या भावनांचा आदर म्हणून पन्नाशीवरची तपासणी आम्ही स्थगित करत आहोत. रद्द नाही, स्थगित. माझ्या फायलीत ताकीद लागली आणि मी फाटकावर परत गेले. मला काढता येत नव्हतं, कारण माझी नेमणूक जुनी, कायमची. मॅडमच्या सासऱ्यांनी, म्हणजे ज्यांनी शाळा काढली त्यांनी, स्वतःच्या हाताने दिलेली. यात माझी कुठली शूरता नाही.

सरांचं तसं नव्हतं. मार्चमध्ये त्यांचं नवं पत्र निघालं नाही. संस्कृत ऐच्छिक केलं, मुलं कमी झाली, असं कारण दिलं. त्यांनी मात्र निरोप समारंभ घेतला. शाल दिली, श्रीफळ दिलं. डायरेक्टर मॅडम भाषणात म्हणाल्या, "सर दिल से हमारे सबसे यंग टीचर रहे हैं." टाळ्या झाल्या. मी मागच्या रांगेत बसले होते आणि माझ्या हातातला समोसा चुरून त्याची माती झाली. सर बोलायला उभे राहिले. सगळ्यांचे आभार मानले, मुलांना आशीर्वाद दिला. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. घेतलं असतं तर माझ्यावर आणखी काही आलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. तरी मला ते लागलं.

नंतर किती तरी दिवस मी त्यांना फोन करायचं टाळलं. काय बोलणार होते? जूनमध्ये, शाळा उघडायच्या आधी, गोल बाजारात कुकरची रिंग घ्यायला गेले होते, तर भांड्यांच्या दुकानात सर आणि त्यांची बायको समोर. वहिनींनी मला पाहिलं आणि त्या दुकानदाराशी डब्याच्या झाकणाबद्दल बोलायला लागल्या. माझ्याकडे पाठ केली. सर पुढे आले.

"ताई, कशा आहात?"

"बरी आहे. तुम्ही?"

"चार मुलं येतात घरी शिकायला. पौरोहित्याचंही बोलावणं येतं कधी कधी. चाललंय." ते हसले. वाळले होते. "तुम्ही अजून फाटकावरच?"

"हो."

"सोडू नका," ते म्हणाले.

मी म्हटलं, "सर, मी ते लिहिलं नसतं तं..."

"तरी काढलंच असतं," त्यांनी मध्येच तोडलं. "मी दुसरी फेरी चाललो ना, तेव्हाच ठरलं होतं त्यांचं."

"घरी काय म्हणतात?" मी वहिनींकडे पाहिलं.

सरांनीही वहिनींच्या पाठीकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "तिला वाटतं, सही केली नसती तर राहिलो असतो. मी किती सांगितलं. ती ऐकत नाही." मग म्हणाले, "कधी कधी मलाही तसंच वाटतं, ताई. खोटं कशाला बोलू?"

तेवढ्यात वहिनींनी हाक मारली, हिंदीत, "चलिए, धूप हो रही है." ते गेले. मी रिंग घेतली. दुकानदाराने दुसऱ्याच मापाची दिली होती, हे मला घरी आल्यावर कळलं, आणि त्यावरून मी नवऱ्यावर इतकी ओरडले की शेजारच्या बाई दारात आल्या.

शाळा उघडली तशी मी पुन्हा जाते आहे. निवृत्तीला अजून वेळ आहे. मैदानावर आता हिरवं कृत्रिम गवत घातलंय, सागाचे खांब काढून टाकलेत, खो-खो बंद आहे. झुंबावालीचंही पत्र या वर्षी निघालं नाही. तिच्या जागी दुसरी आली आहे, तिच्याहून तरुण. या नव्या पोरीला माझ्याबद्दल कोणी काय सांगितलंय, माहीत नाही. ती फाटकातून जाताना मला नमस्कार करते आणि झपझप निघून जाते. मी मुलांची नखं पाहते.